चूक पोराची, चक्कर यंत्राला

"अगं ए, कळलं का तुला? आमच्या वरच्या खोलीतल्या पोरानं कंप्युटर फोडला."

काकींच्या बातम्या अशाच येतात, शेवटाकडून सुरू होऊन. मध्ये कमरेएवढी कंपाउंडची भिंत, पलीकडे मेथी निवडत बसलेल्या काकी, अलीकडे कपडे वाळत घालणारी मी. नगर रस्त्यावरून कंटेनर गेला की निम्मं वाक्य त्याच्या चाकाखाली जातं, म्हणून सणसवाडीत कुणीही कुठलीही गोष्ट दोनदा सांगतं.

"फोडला म्हणजे? हातातून पडला?"

"पडतोय कशाला! परीक्षेचं काहीतरी लिहीत होता. लिहिता लिहिता असं काही चुकीचं लिहिलं, की आतलं यंत्रच बेशुद्ध पडलं. इंग्रजीत लिहून आलं म्हणं, माझ्या पोटातच बिघाड झालाय, मालकाला कळवा."

हा पोरगा नांदेडकडचा. वाघोलीच्या बाजूला इंजिनिअरिंगला जातो आणि आतेभावाबरोबर काकींच्या वरच्या खोलीत राहतो. आतेभाऊ इथल्याच एका कंपनीत शिफ्टला. लॅपटॉप दुरुस्तीवाल्यानं मशीन न उघडताच सांगितलं होतं, रॅम गेली, बदलावी लागेल. आकडाही सांगितला होता. काकींना काळजी वेगळीच. रॅमचे पैसे गेले की भाडं पुढच्या महिन्यावर.

माझी भाची नेमकी त्या शनिवारी आली होती. ती पुण्यात कंपायलरवर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करते. नातेवाइकांत आम्ही 'कंप्युटरमध्ये आहे' एवढ्यावर भागवतो. ती चहाचा कप घेऊन ओट्यावर आली आणि म्हणाली, "काकी, ओळ काय आली होती? जशीच्या तशी सांगा."

"मला काय येतंय इंग्रजी! ए पोरा, खाली ये बरं!"

पोरगा लॅपटॉप छातीशी धरून उतरला. पडद्यावर आधी दोन-तीन साध्या चुका दाखवलेल्या आणि त्याखाली ठसठशीत ओळ: इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट. त्याच्याही खाली, कृपया बगचा पूर्ण अहवाल पाठवा. काकींचा अनुवाद अगदीच वाईट नव्हता.

"परत चालव," भाची म्हणाली. चालवला. तीच ओळ, तीच जागा. "परत." पुन्हा तेच. "रॅम घेऊ नकोस. रॅम खराब असती तर कधी इथे पडला असता, कधी तिथे, एखाद्या वेळी पडलाच नसता. दर वेळी एकाच ओळीवर पडतोय म्हणजे दोष प्रोग्रॅममध्ये आहे. तुझ्या नव्हे, कंपायलरच्या प्रोग्रॅममध्ये."

ही काही तिच्या मनातली कसोटी नाही. जीसीसी नावाचा कंपायलर, रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली पहिल्यांदा लोकांना दिलेला, अजून जगभर चालतो. त्याच्यात सोयच आहे: तो असा कोसळला की तेच काम स्वतः पुन्हा करून बघू शकतो, आणि दुसऱ्या खेपेला कोसळला नाही तर लिहून देतो की हा बग पुन्हा घडत नाही, तेव्हा दोष हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा असावा. दुरुस्तीवाल्यानं तीनदा बटण दाबून पाहिलं असतं तर त्यालाही कळलं असतं. पण मग रॅम कशी विकली गेली असती?

एवढ्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे काकींचे यजमान. इथल्याच एका मशिन शॉपमध्ये सीएनसी सेटर म्हणून त्यांची हयात गेली. आता निवृत्त आहेत, पण हाताला तेलाचा वास अजून येतो असं काकी म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"म्हणजे प्रोग्रॅम चुकीचा होता ना? मग पडणारच की. यात कंपायलरचा काय दोष?"

"अण्णा, तुमच्या मशीनला चुकीचा जी-कोड दिला तर काय व्हायचं?"

"अलार्म यायचा. मशीन जागच्या जागी उभं. अमुक ब्लॉकमध्ये अमुक चूक, नंबरासकट."

"चुकीचा कोड दिला म्हणून कंट्रोलरच बंद पडला, स्क्रीन काळी झाली, असं?"

अण्णांनी डोळे बारीक केले. "तसं झालं तर कंपनीच्या माणसालाच बोलवावं लागेल. ती ऑपरेटरची चूक नव्हे." मग लगेच बोट वर करून, "पण थांब. लिहिण्यात चूक नसलेला, पण आकडा चुकलेला प्रोग्रॅम असेल तर अलारमबिलारम काही येत नाही. टूल सरळ चकवर जाऊन आदळतं. माझ्यासमोर आदळलंय. तो मात्र ऑपरेटरचाच गुन्हा."

भाचीनं कप खाली ठेवला. "अण्णा, एवढा फरक समजायला आमच्याकडे नव्या पोरांना सहा महिने लागतात." जीसीसीच्या तक्रारवहीत या दोन गोष्टींना वेगवेगळी लेबलं आहेत, असं तिनं सांगितलं. कोड बरोबर असताना कंपायलर कोसळला तर एक लेबल, कोड चुकीचा असताना कोसळला तर दुसरं. पहिल्या जातीची तक्रार आली की माणसं धावतात, कारण कुणाचं तरी खरं काम अडलेलं असतं. दुसऱ्या जातीची तक्रार सहसा मागे पडते. तुझा कोड तसाही चालणार नव्हता, तुझं नुकसान काय झालं, असा हिशेब.

"बरोबरच आहे की," काकी म्हणाल्या.

मला मात्र तो हिशेब पटला नाही, आणि अजून पटत नाही. ज्याला येतं तो चुका कमी करतो. कंपायलरपुढे चुकीचा कोड घेऊन उभा राहतो तो शिकणारा, आणि 'तुझी चूक इथे आहे' हे वाक्य सगळ्यात जास्त त्यालाच लागतं. नेमकं त्यालाच ते न सांगता आडवं व्हायचं म्हणजे काय? पोरगा रात्रभर आपला लॅपटॉप मेला असं समजून बसला होता. प्रोग्रॅममधली चूक शोधायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"पण चूक आधी दाखवली होती की," अण्णांनी पडद्यावरच्या वरच्या ओळी दाखवल्या. सेटर माणूस, वरपासून वाचायची सवय. "ही बघ. मग पुढे कशाला गेला? पहिल्याच चुकीला थांबला असता तर पडला नसता."

हा प्रश्न कंपायलर लिहिणाऱ्यांनी पन्नास वर्षं घोळवला आहे. ज्या काळी प्रोग्रॅम पंचकार्डांवर देऊन निकालाची वाट बघत बसावं लागायचं, तेव्हा एकच चूक सांगून परत पाठवणं म्हणजे छळ होता. म्हणून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएल/सी नावाचा कंपायलर तयार झाला. तो विद्यार्थ्यांच्या चुका स्वतःच दुरुस्त करून कसाबसा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. उलट 1983 चा टर्बो पास्कल पहिल्या चुकीला थांबायचा आणि कर्सर तिथेच नेऊन ठेवायचा. घरच्या मशीनवर पुन्हा चालवायला वेळच लागत नव्हता, मग एकेक चूक का नाही? त्याच घराण्यातल्या टर्बो सीची निळी खिडकी महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत इतकी वर्षं टिकली, की बापानं जिच्यावर प्रॅक्टिकल केलं तिच्यावरच मुलानंही केलं.

आताचे कंपायलर पुढे जातात. एक चूक सापडली की ती नोंदवायची, त्या जागी खूण ठेवायची आणि बाकीचा कोड वाचत राहायचं, म्हणजे सगळ्या चुका एका दमात सांगता येतात. जीसीसीमध्ये या खुणेला एरर-मार्क नोड म्हणतात. अर्थ एवढाच, की इथे काहीतरी होतं, ते चुकीचं होतं, त्याबद्दल पुढे काही विचारू नका. अडचण अशी, की कंपायलरच्या पुढच्या टप्प्यांत शेकडो जागी याबद्दल विचारलं जातं. याचा प्रकार काय? मेमरीत जागा किती? आत किती घटक? प्रत्येक जागी 'आधी खूण आहे का ते बघ' असं लिहावं लागतं. एका जागी कुणी ते लिहायचं विसरलं, की तिथला भाग नसलेल्या गोष्टीचा पत्ता खरा मानून मेमरीत हात घालतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्याला अकरा नंबरचा सिग्नल देते. तोच सेगमेंटेशन फॉल्ट.

"म्हणजे याची चूक पकडली, पण पकडलेली चूक पुढच्या माणसाला नीट सांगितली नाही," अण्णा म्हणाले.

"अगदी."

"शिफ्ट बदलताना असंच होतं."

मग भाचीनं एक गंमत सांगितली. जीसीसी असा कोसळतो तेव्हा, लोकांना वापरायला दिलेल्या आवृत्तीत एक पळवाट ठेवलेली आहे. आधी एखादी चूक दाखवून झाली असेल आणि मग आत बिघाड झाला, तर तो बिघाडाचं नाव घेत नाही. लिहितो की आधीच्या चुकांमुळे मी गोंधळलो आहे, आता थांबतो. आतल्या तपासण्या चालू ठेवून बांधलेली आवृत्ती मात्र, जी कंपायलर बनवणारे स्वतः वापरतात, बिघाड झाला तर बिघाड झाला असंच सांगते.

अण्णा हसून हसून ओट्यावर बसले. "म्हणजे साहेबासमोर खरं बोलायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं तुमच्यामुळेच गोंधळ झाला!"

मला यात थोडी लबाडी वाटते आणि थोडा शहाणपणाही. शिकणाऱ्या पोराला आतली बिघाडाची यादी देऊन काय उपयोग? त्याला वरची चूक दुरुस्त करायची आहे, ती केली की बिघाडाची वाट आपोआप चुकते. या पोराचा कंपायलर जीसीसी नव्हता; कुठला होता ते नको, पण जुना होता आणि मोकळ्या मनाचा होता. त्यानं सगळं खरं सांगितलं आणि पोरगा घाबरला.

आता खरा तपास. पोराचा कोड तीनशेच्या वर ओळींचा. शिवाय वर जोडलेल्या हेडर फायली; त्या उलगडल्या की हजारो ओळी होतात. एवढ्यात बिघाडाची ओळ कुठली? भाचीची पद्धत साधी होती. निम्मा कोड कापायचा. अजून तसाच पडतो का? पडत असेल तर उरलेल्याचा निम्मा कापायचा. नाही पडला तर कापलेला परत आणून दुसरा निम्मा कापायचा.

"हे मी फ्यूज शोधताना करतो," पोरगा पहिल्यांदाच बोलला.

या कापाकापीला शास्त्राचं रूप जर्मनीच्या आंद्रेआस झेलर यांनी दिलं. त्यांचा आणि राल्फ हिल्डेब्रांट यांचा यावरचा निबंध 2002 चा आहे. पुढे 2012 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जॉन रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-रिड्यूस नावाचं अवजार केलं. सी भाषेचा कोड आणि एक कसोटी त्याला द्यायची, की ते रात्रभर कापत बसतं आणि सकाळी मोजक्या ओळी हातात ठेवतं. त्याच रेगर यांच्या गटानं आधी सीस्मिथ नावाचं यंत्र केलं होतं. ते स्वतःच वेडेवाकडे पण नियमात बसणारे प्रोग्रॅम लिहून कंपायलरांना खायला घालायचं. 2011 च्या त्यांच्या निबंधात सव्वातीनशेच्या वर बग सापडल्याची नोंद आहे, तीन वर्षांतले. बरोबर प्रोग्रॅम खाऊन सापडलेले, हे लक्षात घ्या. चुकीच्या प्रोग्रॅमांचा हिशेब त्यात नाही.

भाचीनं अवजार आणलं नव्हतं, हातानंच कापत होती. मध्येच ती थांबली. "हा वेगळा आहे."

"वेगळा कसा? पडला की परत," काकी.

"पडला, पण दुसऱ्या जागी. आतल्या फंक्शनचं नाव बदललं." चुकीचा कोड कापण्यात ही मोठी खोड आहे. बरोबर कोड कापताना निदान एक बंधन असतं, उरलेला भाग भाषेच्या नियमात बसायला हवा. इथे तोही धरबंध नाही. कुठेही कात्री लावा, कोड चुकीचा होता, चुकीचाच राहणार. म्हणून कापता कापता आपण मूळ बिघाड सोडून शेजारच्याच एखाद्या बिघाडाच्या दारात जाऊन उभे राहतो आणि त्याचाच अहवाल लिहून मोकळे होतो. कसोटी नुसती 'पडला का' अशी ठेवून भागत नाही; 'त्याच ओळीवर, त्याच फंक्शनमध्ये, तोच संदेश देऊन पडला का' अशी ठेवावी लागते.

तिनं कापलेला तुकडा परत आणला आणि दुसरीकडून कापायला घेतलं. काकींची मेथी निवडून झाली, अण्णांचा दुसरा चहा झाला. शेवटी चार-पाच ओळी उरल्या. एक टेम्प्लेट, त्यात व्हेक्टर वापरलेला, पण व्हेक्टरची हेडर फाईल वर घेतलेलीच नाही, आणि त्याच व्हेक्टरला लगेच एक मूळ किंमत दिलेली. कंपायलरला व्हेक्टर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. ती चूक त्यानं नोंदवली, खूण ठेवली. मग मूळ किंमत तपासणाऱ्या भागानं ती खूण न बघता विचारलं, याचा प्रकार कोणता?

"एवढंच?" पोरगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका कमी आणि अपमान जास्त होता.

"एवढंच. तुझी एक ओळ राहिली. त्यांचीही एक ओळ राहिली."

काकींना हे काही पचलं नाही. भिंतीवरच्या गप्पांचा नियम असा, की चूक एकाचीच असते आणि ती शक्यतो हजर नसलेल्याची. त्यांनी पुन्हा विचारलं, "पण मग खरी चूक कोणाची?"

"दोघांची, काकी. वेगवेगळी."

"अशानं भांडण मिटत नाही."

पुढची पायरी म्हणजे हेच चार ओळींचं पिल्लू नव्या आवृत्तीवर चालवून बघायचं. यासाठी आता काही बसवावं लागत नाही. मॅट गॉडबोल्ट यांनी 2012 साली सुरू केलेल्या कंपायलर एक्सप्लोररवर एकाच कंपायलरच्या कितीतरी आवृत्त्या ब्राउझरमध्ये मिळतात. नव्या आवृत्तीनं निमूट सांगितलं: व्हेक्टर माहीत नाही, हेडर घ्यायची राहिली का? म्हणजे बिघाड कुणीतरी आधीच दुरुस्त केला होता. तो कुठल्या बदलात दुरुस्त झाला हेही शोधता येतं, पुन्हा त्याच निम्म्या-निम्म्या हिशेबानं. हजार बदल असतील तर दहा खेपांत सापडतो. दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते, 'खूण असेल तर मागे फिर'. तिच्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हे चार ओळींचं पिल्लू कायमचं चाचण्यांच्या यादीत जातं. पुढे कुणी कंपायलरला हात लावला की हा चुकीचा कोड त्याला पुन्हा खाऊ घालायचा आणि बघायचं, नीट ओरडतो का.

"म्हणजे चुकीचा कोड जपून ठेवतात?" पोरानं विचारलं.

"हजारोंनी."

हे सगळं तिला कुठे शिकायला मिळालं, असं अण्णांनी विचारलं. ती म्हणाली, कॉलेजात सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगला ढमढेरे यांचं पुस्तक होतं.

"आपल्या तळेगावचे?" काकी आणि अण्णा एकदम. तळेगाव ढमढेरे इथून हाकेच्या अंतरावर. कुठलंही आडनाव ऐकलं की या दोघांना आधी गाव सापडतं.

"गाव मला माहीत नाही. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक होते. कंपायलरवर तिथे जुनं काम आहे." त्याच आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, जीसीसीचं पोट उघडून आत काय चालतं ते शिकवायच्या कार्यशाळा तिथे झाल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे या तिघांचं डेटा फ्लो अॅनालिसिसवरचं इंग्रजी पुस्तक 2009 चं आहे. खेडकर म्हटल्यावर काकींनी पुन्हा तोंड उघडलं होतं, पण खेड तालुका शेजारीच असला तरी या वेळी अण्णांनी डोळ्यांनी थांबवलं.

भाची जाता जाता आणखी एक बोलली, ते मला लक्षात ठेवण्यासारखं वाटलं. आता एडिटर प्रत्येक अक्षरागणिक कोड वाचतो आणि चुकीखाली लाल रेघ ओढतो. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एडिटर आणि भाषेच्या साधनांनी आपसात कसं बोलावं याचा करार जाहीर केल्यापासून हे सगळीकडे पसरलं. पण अर्धवट टाइप केलेला कोड म्हणजे चुकीचाच कोड. कंस उघडलाय, मिटायचाय. नाव अर्धं लिहिलंय. म्हणजे एडिटरमागचं यंत्र दिवसभर जवळजवळ फक्त चुकीचाच कोड वाचतं. तिथे चुकीच्या कोडवर चक्कर येणारं यंत्र पाच मिनिटं टिकणार नाही. आणि ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट चित्रासाठी शेडर पाठवते, तोही एक प्रोग्रॅमच, कुणीही अनोळखी माणसानं लिहिलेला, आणि आपल्याच मशीनवरचा कंपायलर तो वाचतो. तिथे चुकीच्या कोडनं कोसळणं म्हणजे दार उघडं राहणं. तरी ती जुनी तक्रार मागेच पडते, असं ती म्हणाली, आणि अण्णा म्हणाले की पडू देऊ नका.

रॅम घेतली नाही. हेडरची ओळ घातली, कंपायलर नवा बसवला, प्रॅक्टिकल जमा झालं. मला वाटलं विषय संपला.

आठवड्यानं काकी पुन्हा भिंतीवर.

"तुझ्या भाचीनं काय शिकवून ठेवलंय त्याला? पोरगा आता मुद्दाम चुकीचं लिहीत बसतो. कंस काढतो, नावं खोडतो आणि बघतो पडतंय का. म्हणतो नव्या कंपायलरमध्ये पण एखादी राहिलेली असणार, ती मी काढणार आणि माझ्या नावानं कळवणार. काल रात्री दोन वाजेपर्यंत दिवा चालू. लाइटचं बिल भाड्यात धरलंय ना आम्ही!"

मी भाचीला फोन लावून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "सापडलं का काही?"